गावाच्या पथकासाठी बंब निवडताना

बंब घ्यायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "किती हजार लिटरचा?" खरं तर हा प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर यायला हवा. अंबाजोगाई तालुक्यातल्या एखाद्या गावानं, तरुण मंडळानं किंवा शेजारच्या दोन-तीन ग्रामपंचायतींनी मिळून स्वयंसेवकांचं अग्निशमन पथक उभं करायचं मनावर घेतलं असेल, तर आधी तीन गोष्टी विचारा. रात्री दोन वाजता ही गाडी चालवणार कोण? ती पाणी उचलणार कुठून? आणि जे पेटतं त्याच्यापर्यंत तिची चाकं पोचतात का?

गावानं हा उद्योग का करायचा, असं कुणी म्हणेल. अग्निशमन ही नगरपालिकेची जबाबदारी, हे बरोबरच आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायचे जे विषय दिलेत त्यांत अग्निशमन सेवा आहे. पण पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतले २९ विषय वाचून काढा, त्यांत ती नाही. म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर आग लागली तर पालिकेचा बंब येतो तो बराचसा माणुसकीनं आणि तहसीलदारांच्या फोननं. बीड जिल्ह्यात बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर या नगरपालिका. मधली शेकडो गावं त्यांच्या गाड्यांकडे डोळे लावून बसतात. ग्रामीण भागात वीस मिनिटांत मदत पोचावी, असा स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष आहे. भरलेला बंब आपल्या रस्त्यांवरून ताशी चाळीस किलोमीटरच्या सरासरीनं धावला, तर वीस मिनिटांत जेमतेम तेरा किलोमीटर जातो. त्यात फोन लागणं, पत्ता समजणं, गाडी बाहेर पडणं हे धरलेलंच नाही. घाटनांदूर किंवा बर्दापूरच्या शिवारातली गंजी या हिशोबात बसवायची म्हणजे ओढाताणच.

तेव्हा गावाच्या गाडीचं काम ठरलेलं आहे. शहरातून मोठा बंब येईपर्यंतची वीस ते चाळीस मिनिटं सांभाळायची आणि आग पसरू द्यायची नाही. हे एकदा मान्य केलं की अर्धी निवड आपोआप होते.

आपल्याकडे काय जळतं ते आठवून पाहा. ऑक्टोबरमध्ये काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी. दिवाळीनंतर उसाचे फड, बहुतेकदा लोंबकळणाऱ्या तारा किंवा डीपीवरच्या ठिणग्यांमुळे. फेब्रुवारीपासून कडब्याच्या गंजी आणि आखाड्यावरचे गोठे. उन्हाळ्यात बालाघाटच्या उतारांवरचं वाळलं गवत. वेचणीच्या हंगामात जिनिंगमधला कापूस. यातल्या जवळजवळ सगळ्या आगी उघड्यावरच्या, जमिनीलगतच्या आणि पक्क्या रस्त्यापासून आत असतात. त्यांना शिडी लागत नाही, मजलेही चढायचे नसतात. लागते ती पाणंदीतून जाणारी, बांधापाशी वळणारी गाडी आणि कमी पाण्यात लांब पोचणारा फवारा. कापसाचं प्रकरण वेगळं आहे. गाठीच्या पोटात आग दिवसभर धुमसते, वरून पाणी ओतलं तरी सरकून जातं. तिथं गाठी ओढून वेगळ्या करायला ट्रॅक्टर आणि लोखंडी आकडे बंबाइतकेच उपयोगी पडतात. गवताच्या आगीला तर पुष्कळदा ओल्या गोणपाटाचा मार आणि पाठीवरचा पंप पुरतो.

आता चालकाबद्दल. माझ्या मते सगळी निवड इथंच होते, आणि नेमका हाच विषय बैठकीत निघत नाही. पगारी दलात चालक ठाण्यात बसलेला असतो. स्वयंसेवी पथकात तो रानात असतो, लग्नाला गेलेला असतो, नाहीतर झोपलेला असतो. म्हणून गाडी अशी हवी की गावातल्या दहा-बारा जणांना ती कायद्यानं आणि सवयीनं चालवता यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण भारवजनाचं परिवहन वाहनही चालवू शकतो, त्याला वेगळी नोंद लागत नाही. साडेसात टनांच्या वरची गाडी घेतलीत तर जड वाहनाचा परवानाधारकच हवा. असे गावात किती, आणि त्यातले ऊसतोडीच्या हंगामात गावात राहतात किती, हे मोजून घ्या. आपल्या भागातले चालक दिवाळीनंतर टोळ्यांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि फड पेटतात तेही नेमके तेव्हाच.

मोठ्या गाडीत आणखी एक अडचण आहे, ती विकणारा सांगणार नाही. जड ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. गाडी चार दिवस उभी राहिली की टाकीतली हवा हळूहळू गळते. चावी फिरवल्यावर दाब पुन्हा भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. शहरातल्या ठाण्यात रोज गाडी चालू करून दाब राखतात. ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली उभ्या बंबाचं ते कोण करणार? पिकअप किंवा ४०७च्या वर्गातल्या लहान गाड्यांना हा त्रास सहसा नसतो. चावी फिरवली की निघाली.

लिटरचा हिशोब आता करू, कारण तो टाळता येत नाही. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. पालिकांकडे असतो तो 'टाइप बी' वॉटर टेंडर साधारण साडेचार हजार लिटरचा, भारतीय मानक आयएस ९५० प्रमाणे बांधलेला. म्हणजे नुसतं पाणीच साडेचार टन. एवढं पाणी किती वेळ पुरतं? नेहमीच्या नोझलमधून मिनिटाला तीन-चारशे लिटर जातं. एकच नोझल चालू ठेवली तरी अकरा ते पंधरा मिनिटांत टाकी कोरडी. मग गाडी पाणी आणायला जाते, ती परत येईपर्यंत गंजीची राख होते. साडेचार हजारांऐवजी सहा हजार घेतले तर पाच मिनिटं वाढतात, एवढंच. त्या पाच मिनिटांसाठी गाडी जड, रुंद आणि महाग होते.

उलट बाजूनं पाहा. दीड टन भार नेणारी पिकअप घ्या. पाचशे लिटर पाणी, टाकी आणि चौकटीचे दीडशे किलो, पंपाचे शंभर, होज पाइप, कुऱ्हाडी, फावडी, दोर यांचे दीडशे, आणि चार माणसांचे तीनशे. बेरीज बाराशे किलो. तीनशे किलोची सवड उरते, ती उरूच द्या. मिनिटाला पन्नास लिटर फेकणारी उच्च दाबाची गन आणि गुंडाळीवरचा पाइप असेल तर पाचशे लिटर दहा मिनिटं चालतं. पेटलेल्या फडाच्या पुढच्या सऱ्या भिजवायला, गोठ्याच्या आढ्याला लागलेली आग मारायला ते पुरतं, कारण तुम्ही पाचव्या मिनिटाला पोचलेले असता. जपानमधल्या गावोगावच्या 'शोबोदान' या स्वयंसेवी पथकांकडे अशाच इवल्या गाड्या आणि उचलून न्यायचे पंप दिसतात. जर्मनीत खेड्यातल्या दलांची सर्वांत लहान प्रमाणित गाडी तर पाण्याच्या टाकीशिवायच असते. माणसं, पंप आणि पाइप घेऊन ती जवळच्या पाण्यावर जाते. श्रीमंत देशांनीही खेड्यासाठी लहानच गाडी निवडली, हे आपल्या बैठकीत सांगायला हरकत नाही.

तिथं जवळ पाणी असतं, आपल्याकडे कुठं आहे? प्रश्न रास्त आहे. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते २०१६ साल कुणी विसरलेलं नाही, आणि ज्या मांजरा धरणाच्या भरवशावर लातूर होतं त्याच धरणावर अंबाजोगाईही आहे. पण पाण्याच्या प्रश्नाला विहीर हे उत्तर आहे असं वाटत असेल तर सावध व्हा. बंबाचा पंप काठावर उभा राहून पाणी ओढतो म्हणजे काय करतो? पाइपातली हवा काढून टाकतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब कागदोपत्री दहा मीटरपर्यंत पाणी चढवतो, प्रत्यक्षात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. बालाघाटाच्या उंचीवर त्यातूनही थोडं कमी. आपल्या विहिरींचं पाणी मार्चनंतर चाळीस फुटांवर गेलेलं असतं. पंप कितीही अश्वशक्तीचा असो, तो नुसता घरघरत राहील. विहिरीतल्या पाणबुडी मोटारीवर विसंबायचं तर शेतीची थ्री-फेज लाइन वेळापत्रकानं येते, आणि आग लागली की पहिल्यांदा लाइनमनला सांगून वीज बंद करावी लागते.

शेततळं मात्र कामाचं आहे. २०१६पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत जी तळी झाली त्यांत पाणी जमिनीच्या पातळीजवळ असतं. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल तळं पूर्ण भरलं तर त्यात सुमारे २२ लाख लिटर मावतात. उन्हाळ्यात चौथा हिस्सा उरला तरी पाच लाखांवर. आपल्या शिवारातली अशी तळी कुणाच्या गटात आहेत, पिकअप काठापर्यंत जाते का, कुंपणाचं फाटक कुठल्या बाजूला, याची यादी गाडी घेण्याआधी करा. सक्शन पाइपाच्या टोकाच्या जाळीला एक रिकामा प्लास्टिकचा डबा बांधून ती पाण्यावर तरंगती ठेवा. नाहीतर ती तळाला बसून अस्तराचा कागद फाडेल, आणि तो शेतकरी पुढच्या वेळी फाटक उघडणार नाही.

आणि टँकर. दुष्काळानं मराठवाड्याला दिलेली ही एकच मालमत्ता असावी. ट्रॅक्टरमागं जोडायचा पाच हजार लिटरचा टँकर नाही असं गाव आपल्याकडे शोधावं लागेल. माझं सरळ मत असं की, मोठा बंब विकत घेण्याऐवजी गावानं हा टँकर आगीच्या कामाला लावावा. त्याच्या तळाशी चांगला व्हॉल्व्ह आणि कपलिंग बसवून घ्या. मिनिटाला २७५ लिटरचा उचलता येणारा पंप त्याला जोडला की अठरा मिनिटं सलग पाणी मिळतं, तोवर दुसरा टँकर येतो. पिकअप आधी धावते, टँकर मागून पोचतो. मार्च ते जून या काळात गावातला एक टँकर रात्री भरलेलाच उभा राहील, एवढा ठराव ग्रामसभेत करा. मालकाला डिझेलचे आणि थोडे वरचे पैसे ठरवून द्या. फुकटच्या बोलीवर हे दोन आठवडेही चालणार नाही. टँकरच्या आत आडव्या पत्र्याचे कप्पे आहेत का तेही पाहून घ्या. नसतील तर अर्धा भरलेला टँकर उतारावर पाण्याच्या हेलकाव्यानं ट्रॅक्टरला ढकलतो. धारूरच्या घाटातून गेलेल्या कुणालाही याहून जास्त सांगायला नको.

बागायतदारांकडचा फवारणीचा ब्लोअरही आगीला चालतो, पण त्याचा पंखा बंद ठेवून, फक्त गन वापरून. पंखा चालू राहिला तर आगीला भाता लावल्यासारखं होईल.

जोड जुळणं ही बारीक वाटणारी गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढतो. १९०४च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली, शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, आणि त्यांच्या पाइपांचे जोड तिथल्या नळांना बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. आपल्याकडे अग्निशमन दलांत ६३ मिलिमीटरचं झटपट बसणारं कपलिंग चालतं. शेतीचे पाइप दोन, अडीच, तीन इंची, त्यांचे जोड वेगळे. पिकअप, टँकर आणि पालिकेचा बंब हे तिन्ही एकमेकांना जोडता आलेच पाहिजेत. अंबाजोगाई पालिकेच्या अग्निशमन विभागात जाऊन त्यांचं कपलिंग हातात घेऊन बघा, आपलं त्यात बसवून बघा, आणि शेतीच्या पाइपासाठी लेथवर दोन-तीन जोडतुकडे करून घ्या. त्यांचं मोल दहा हजार लिटर पाण्याएवढं आहे. वायसर जास्तीचे ठेवा.

शहरासाठी हिशोब बदलतो. वीस मिनिटांचा निकष देणाऱ्या त्याच स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेनं तीन लाखांपर्यंतच्या शहराला दर पन्नास हजार लोकसंख्येमागं एक पंपगाडी सांगितली आहे. अंबाजोगाईची वस्ती २०११च्या जनगणनेतच पाऊण लाखाच्या आसपास होती, म्हणजे दोन गाड्या हव्याच. त्या दोन्ही सारख्या नसाव्यात. एक साडेचार हजारांची, दुसरी गल्लीत शिरणारी. मंडी बाजार किंवा योगेश्वरी मंदिराच्या बाजूची जुनी वस्ती नकाशावर मोजू नका. संध्याकाळी सहा वाजता, दुचाक्या लागलेल्या आणि हातगाड्या उभ्या असताना, दोरी घेऊन मोजा. मोठ्या बंबाची रुंदी अडीच मीटर असते आणि आरसे त्याच्या बाहेर. ओटे, पायऱ्या, गटारावरचे कच्चे स्लॅब, डोक्यावरच्या केबली, सगळं टिपा. मार्गशीर्षात देवीचा महोत्सव असतो तेव्हाची मोजणी वेगळी करावी. मोठी गाडी जिथवर येते तिथपासून सर्वांत आतलं घर किती अंतरावर आहे, त्यावरून होज पाइप किती घ्यायचे ते ठरतं. पाइप कमी आणि टाकी मोठी, अशी खरेदी मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे.

रुग्णालयाबद्दल इथं थोडक्यातच. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था शहरात असल्यावर 'आपल्याकडे बंब आहे' हा दिलासा पुरेसा नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. अशा आगीत धूर माणूस मारतो, आणि तो बंबाची वाट पाहत नाही. तिथं इमारतीतली यंत्रणाच कामी येते. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार ती चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. स्वयंसेवकांनी अशा ठिकाणी आत शिरायचं नाही. श्वसनाचं साधन आणि प्रशिक्षण नसलेला माणूस धुरात गेला की बाहेर काढायला एक रुग्ण वाढतो. त्यांनी रस्ता मोकळा ठेवावा, गर्दी मागं हटवावी आणि पाण्याची ने-आण करावी.

जुना बंब स्वस्तात मिळतोय, अशी बातमी कुणीतरी आणतंच. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी आणि पालिकांच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३पासून पुढे चालू ठेवता येत नाही, ती मोडीतच काढायची आहेत. म्हणजे पालिकेतून निघालेला बंब रस्त्यावर आणण्याचा मार्ग बंद झाला. त्याच्यावरचा पंप, शिडी, नोझल हे सुटं साहित्य मोडीच्या बाजारात मिळालं तर एखाद्या जाणत्या फायरमनला सोबत नेऊन पाहायला हरकत नाही. पाण्याच्या टँकरवर लाल रंग मारून त्याला बंब म्हणण्याचा प्रकारही होतो. रंगानं बिघडत नाही. पण त्या गाडीचे स्प्रिंगपाटे, ब्रेक आणि टायर इतक्या वजनासाठी बनवलेले आहेत का, आणि आरटीओकडे तिची नोंद काय म्हणून आहे, हे विचारा. विम्याचा दावा याच प्रश्नावर अडतो. सायरन आणि दिवा आरटीओला विचारल्याशिवाय लावू नका.

पैशाचं बोलायचं तर आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती, कारखान्यांचा सामाजिक निधी, असे मार्ग असतात. अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्रानं २०२३मध्ये पाच हजार कोटींची योजना आणली, पण ती राज्यांसाठी आहे; गावाच्या पथकानं तिच्याकडे बघत बसू नये. देणगीतून गाडी मिळणं त्या मानानं सोपं, तिचं डिझेल मिळणं अवघड. म्हणून गाडीसाठी जमलेल्या रकमेतला एक भाग आधीच बाजूला काढा. बॅटरी, टायर, विमा आणि महिन्यातून एकदा पंप चालवून पाहण्याचं इंधन, एवढा खर्च पाच वर्षं निघेल इतका. तो निघत नसेल तर आणखी लहान गाडी घ्या.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी नारळ फोडण्याच्या आधी दोन कामं उरका. पहिलं, टाकी भरून, सगळं साहित्य चढवून, माणसं बसवून गाडी वजनकाट्यावर घाला. साखर कारखान्याचा काटा असेल तर उत्तम. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोला. नोंदणी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा वजन जास्त भरलं तर बांधणाऱ्याला तिथल्या तिथं परत पाठवा. दुसरं, गाडी एखाद्या शेततळ्यावर न्या. पाइप पाण्यात टाकून पंप चालू करा आणि घड्याळ लावा. अर्ध्या-पाऊण मिनिटात पाणी चढलं पाहिजे आणि पंधरा-वीस मिनिटं सलग सात किलोच्या दाबानं सुटलं पाहिजे, पंप तापता कामा नये. विकणारा म्हणेल, कारखान्यात चाचणी झाली आहे. होऊ द्या. उरलेली रक्कम तळ्यावरच्या चाचणीनंतरच द्यायची, असं खरेदीच्या कागदात आधीच लिहून घ्या.

चाव्या दोन ठेवा. एक गाडी उभी असते तिथल्या घरी आणि दुसरी, रात्री हमखास गावात असतो अशा माणसाकडे. बहुतेक गावांत तो पिठाच्या गिरणीवाला किंवा किराणा दुकानदार निघतो. ग्रामपंचायतीच्या कपाटात एकही नको, कारण कपाटाची चावी ग्रामसेवकाकडे असते आणि ग्रामसेवक संध्याकाळी तालुक्याला परततो.